पोस्टग्रेस ट्यूनिंगचं ॲडव्हान्स ट्रेनिंग करावं का? गोव्यातून कोणी केलंय?

फोंडा_बॅकएंड

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही होलसेलवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. किराणा, फरसाण, पूजेचं सामान असे डिस्ट्रिब्युटर आहेत, सगळे एकाच पोस्टग्रेस १४ डेटाबेसवर, आणि त्यांच्या खाली मिळून साधारण ९,००० दुकानदार. एरवी ठीक चालतं पण चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस नको होतात. गेल्या वर्षी मी स्वतः एका गोडाउनमध्ये उभा होतो, बाहेर टेम्पो लायनीत, बिल निघत नाही म्हणून ड्रायव्हर आत येऊन विचारतायत आणि काउंटरवरची मुलगी एंटर दाबून नुसती स्क्रीनकडे बघत बसलीय, शेवटी तिने खालच्या खणातून कार्बनचं जुनं बिलबुक काढलं आणि हाताने बिलं लिहायला घेतली. ते बघून मला फार लागलं. सॉफ्टवेअर माझं आहे.

यंदा बॉस म्हणतो ट्रेनिंग कर, पैसे कंपनी घालेल. पाच दिवसांचा ऑनलाइन कोर्स आहे, फी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी. सिलॅबसमध्ये इंडेक्सिंग, पार्टिशनिंग, रेप्लिकेशन, मेमरी सेटिंग्ज, सगळंच लिहिलंय. इथे जवळपास असं काही मिळत नाही, पुण्याला किंवा बेंगळुरूला जाऊन आठवडाभर राहायचं तर खर्च अजून वाढतो.

मी आत्तापर्यंत काय केलंय ते पण सांगतो. शेअर्ड बफर्स (डेटाबेस वाचलेला डेटा धरून ठेवतो ती मेमरी) १२८ एमबी होते ते ४ जीबी केले (मशीनला १६ जीबी रॅम), रँडम पेज कॉस्ट (डिस्कवर उडी मारून वाचायचा धरलेला खर्च) ४ वरून १.१ केली कारण एसएसडी आहे, सहा नवीन इंडेक्स टाकले, टेबलातल्या रो म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून. तरी रूटवार सेलचा रिपोर्ट ४१ सेकंद घेतो आणि तो चालू असला की बिलिंग पण जड होतं असं सगळे सांगतात. तर हा कोर्स घेऊ का, आणि घ्यायचा तर आधी काय बघून घेऊ?

म्हापसा_सर्व्हर

रॅम ३२ कर आणि त्या रिपोर्टच्या वेअरमध्ये, म्हणजे अटींत, जे जे कॉलम आहेत त्या सगळ्यांवर मिळून एक इंडेक्स टाक. आमच्याकडे असंच सुटलं होतं. कोर्सचे पैसे वाचतील.

वेर्णा_डीबीए

@म्हापसा_सर्व्हर तुमच्याकडे सुटलं ते खरं असेल पण इथे प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते, बघितल्याशिवाय काही टाकू नये असं मला वाटतं. त्याने आधीच सहा इंडेक्स टाकलेत आणि रिपोर्ट जागेवरच आहे. प्रत्येक इंडेक्सचं ओझं इन्सर्ट आणि अपडेटवर पडतं, आणि चतुर्थीत त्याचं दुखणं तेच आहे, बिल लवकर पडत नाही.

@फोंडा_बॅकएंड मी अकरा वर्षं ओरॅकलवर होते, आता तीन वर्षं पोस्टग्रेस. कोर्सचं नंतर बोलू. आधी त्या रिपोर्टचा एक्सप्लेन ॲनालाईज (प्लॅन आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ दाखवणारी कमांड) बफर्ससकट काढ आणि इथे टाक, टेबलांची नावं बदललीस तरी चालेल. फक्त लक्षात ठेव, ॲनालाईज लावलं की क्वेरी खरीखुरी चालते. सिलेक्टला हरकत नाही, पण अपडेट किंवा डिलीटचा प्लॅन काढायचा झाला तर बिगिन करून घे आणि शेवटी रोलबॅक कर, म्हणजे बदल रद्द होतात. एका हुशार मुलाने हे न करता डिलीटचा प्लॅन लाइव्हवर काढलेला मी बघितलाय, ती रात्र आम्ही बॅकअप परत चढवण्यात काढली.

फोंडा_बॅकएंड

ताई, काढला. पूर्ण टाकला तर फार लांब होईल म्हणून मुख्य ते लिहितो.

ग्राहक टेबल: अट अशी की तालुका फोंडा, पिनकोड ४०३४०१, रूट ७. अंदाज ९ रो, प्रत्यक्षात ४५० रो.
त्याच्यावर नेस्टेड लूप (बाहेरच्या प्रत्येक रोसाठी आतलं टेबल परत बघायचं), आत बिल टेबलचा इंडेक्स स्कॅन: रो ७००, लूप्स ४५०.
त्याच्यावर परत नेस्टेड लूप, आत बिलाच्या ओळींचा इंडेक्स स्कॅन: वेळ ०.०९० ते ०.११८, रो ६, लूप्स ३,१५,०००.
बफर्स: शेअर्ड रीड २,६०,०००.
एकूण वेळ ४१ सेकंद.

मला यात विचित्र हे वाटलं की ओळींच्या स्कॅनला ०.११८ मिलिसेकंदच लागतायत, म्हणजे तो तर फास्ट आहे, मग ४१ सेकंद जातात कुठे?

वेर्णा_डीबीए

तुझे ४१ सेकंद तिथेच आहेत 🙂 पोस्टग्रेस प्लॅनमध्ये वेळ आणि रो दाखवतो ते एका लूपचे, सरासरी. लूप्सने गुणायचं असतं. ०.११८ गुणिले ३,१५,००० म्हणजे ३७,१७० मिलिसेकंद, ३७ सेकंद झाले. आणि बफर्स बघ, एक पान ८ केबीचं, २,६०,००० पानं म्हणजे साधारण २ जीबी वाचन, एका रिपोर्टसाठी, तेही इकडून तिकडून उड्या मारत.

आता तो असा का वागला. सगळ्यात खालच्या ओळीवर जा, जिथे पहिल्यांदा अंदाज आणि प्रत्यक्ष यांची फारकत झाली तिथे. ९ विरुद्ध ४५०, पन्नास पट चूक. प्लॅनरला, म्हणजे डेटाबेसमध्ये प्लॅन निवडणाऱ्या भागाला, वाटलं ९ दुकानदार आहेत, त्यांची बिलं साडेसहा हजारच्या आत, मग नेस्टेड लूप अगदी योग्य आहे, त्याच्या जागी तू असतास तरी तेच केलं असतंस. प्रत्यक्षात बिलं निघाली सव्वातीन लाखांच्या आसपास. वरच्या मजल्यावर काहीही कर, रॅम घाल, इंडेक्स घाल, खालचा आकडा चुकलाय तोवर वरचं सगळं चुकत राहणार.

आकडा चुकला कारण प्लॅनर तिन्ही अटी एकमेकांशी संबंध नसल्यासारख्या धरतो. तुझ्या ग्राहकांत फोंडा तालुक्याचे साधारण सहाव्या हिश्श्याचे असतील, ४०३४०१ चे आठव्या आणि रूट ७ चे विसाव्या, त्याने ते तीन अपूर्णांक सरळ गुणले आणि ९,००० मधून ९ उरले. आपल्याला माहीत आहे की ४०३४०१ म्हणजे फोंडाच, आणि रूट ७ ची गाडी त्या पिनकोडच्या बाहेर जातच नसेल तर पहिल्या दोन अटींनी नवीन काही कळतच नाही. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. क्रिएट स्टॅटिस्टिक्स नावाची कमांड आहे, व्हर्जन १० पासून, त्यात हे तीन कॉलम दे, प्रकार डिपेंडन्सीज, आणि नंतर त्या टेबलवर नुसती ॲनालाईज ही आकडेवारी गोळा करणारी वेगळी कमांड चालव, नाहीतर नुसती नोंद होते आणि आकडे भरतच नाहीत. बऱ्याच जणांचं इथेच राहून जातं.

रँडम पेज कॉस्ट १.१ केलीस ते एसएसडीला चुकीचं नाही, राहू दे. पण त्याने इंडेक्सच्या उड्या अजून स्वस्त दिसायला लागतात, म्हणजे तुझ्या रिपोर्टसाठी तो बदल उलट दिशेचा होता. एवढ्यासाठीच म्हणते, आधी मोजायचं आणि मग हात लावायचा.

फर्मागुडी_जुना

वेर्ण्याच्या ताईंनी छान समजावलंय. थोडं मागचं सांगतो कारण ॲडव्हान्स ट्रेनिंगमध्ये हे शिकवायला हवं आणि सहसा कोणी शिकवत नाही. कॉडचा रिलेशनल मॉडेलचा पेपर १९७० चा. त्याने सांगितलं की काय हवं ते मागा, कसं आणायचं ते सिस्टिम बघेल. ते 'कसं' खर्चाच्या हिशोबाने निवडायची रीत १९७९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातून पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. दोन अटी अँडने जोडल्या की त्यांचे हिस्से गुणायचे हे त्याच पेपरात आहे, आणि कॉलम बरोबर अमुक अशी अट असेल पण त्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर सरळ १/१० धरायचं हेही त्यातच आहे. आज पोस्टग्रेस असो, ओरॅकल असो, पाया तोच. म्हणून प्लॅनर म्हणजे अंदाज बांधणारा आहे हे एकदा डोक्यात बसलं की ट्यूनिंगचा अर्धा प्रश्न 'याचा अंदाज कुठे चुकला' एवढाच उरतो, आणि मग डेटाबेस बदलला तरी तुमचं शिक्षण वाया जात नाही.

कोर्सबद्दल म्हणशील तर सिलॅबसची यादी बघून काही कळत नाही, यादी सगळ्यांची सारखीच असते. शिकवणाऱ्याला फोन करून तीन गोष्टी विचार. लॅबमधल्या टेबलांत किती रो असतात? आमचा स्वतःचा प्लॅन आणला तर त्यावर वेळ देणार का? आणि एकाच वेळी पन्नास युजर लिहितायत अशी स्थिती उभी करून दाखवणार का? पहिल्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नकोस.

डिचोली_डेव्ह

सरांच्या पहिल्या प्रश्नाला माझा जाहीर पाठिंबा. मी दोन वर्षांपूर्वी एक कोर्स केला, नाव घेत नाही, चार दिवस स्लाइड आणि पाचव्या दिवशी डेमो, डेमोच्या टेबलात हजार रो. हजार रोवर इंडेक्स असला काय नसला काय, सगळं एका मिलिसेकंदात येतं, काही पानं असतात ती मेमरीतच बसतात, प्लॅनर बऱ्याचदा इंडेक्सकडे बघत पण नाही. पाच दिवस रजा काढून मी काय शिकलो हे मला घरी सांगता येईना. सर्टिफिकेट तेवढं मिळालं.

त्यानंतर घरीच केलं. टीपीसी-एच (डेटाबेसचा वेग मोजायची एक ठरलेली चाचणी) चा डेटा तयार करायचं टूल फुकट मिळतं, स्केल १० घेतला की लाइनआयटेम टेबलात साधारण ६ कोटी रो येतात, लॅपटॉपवर मावतं पण रॅममध्ये पूर्ण बसत नाही, तेच तर हवं असतं. पावसात दुपारी लाइट गेली आणि अर्धा लोड झालेला डेटा परत पहिल्यापासून असं दोनदा झालं, यूपीएस असलेला बरा. कार्नेगी मेलनचा डेटाबेसचा कोर्स यूट्यूबवर पूर्ण आहे, कुठलाही लपवाछपवीचा प्रकार नाही, बफर पूल आणि जॉइनची लेक्चर्स मी साखळी-पणजी बसमध्ये ऐकली, दोनदोनदा.

फोंडा_बॅकएंड

ताई, स्टॅटिस्टिक्स केलं, ॲनालाईज पण केलं. अंदाज ९ चा ४४१ झाला आणि प्लॅनच बदलला, नेस्टेड लूप गेला आणि हॅश जॉइन आला (एका बाजूचा तक्ता मेमरीत बांधून दुसरी बाजू त्याच्याशी जुळवतो तो). ४१ चे ९ सेकंद! मी तीनदा चालवून बघितलं, म्हटलं कॅशमुळे असेल, पण मशीन रिस्टार्ट करून पण ११ च्या वर जात नाही. मग हॅशच्या ओळीत बॅचेस ८ असं दिसलं.

वेर्णा_डीबीए

मस्त. बॅचेस १ पेक्षा जास्त म्हणजे हॅश मेमरीत मावला नाही, तुकडे करून डिस्कवर लिहावं लागलं. वर्क मेम, म्हणजे अशा कामाला मिळणारी मेमरी, मुळात ४ एमबी असतो. त्या रिपोर्टच्या ट्रान्झॅक्शनपुरता ६४ एमबी कर, सेट लोकल वापर. कृपा करून पूर्ण सर्व्हरला मोठा आकडा देऊ नकोस, वर्क मेम कनेक्शनला एकदा मिळत नाही, प्लॅनमधल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला वेगळा मिळतो, शंभर कनेक्शन एकदम आले की १६ जीबी कुठे गेले ते कळणार नाही.

पण मला अजून एक गोष्ट सलतेय. रिपोर्ट दिवसातून किती वेळा चालतो? तीस वेळा? तीस गुणिले ४१ म्हणजे साडेवीस मिनिटं. काउंटरवर दिवसभर बिल अडतं ते एवढ्याने होत नाही. पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (कुठली क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ खाल्ला ते नोंदणारं) चालू आहे का? नसेल तर शेअर्ड प्रीलोड लायब्ररीजमध्ये टाकून रात्री रिस्टार्ट कर, दोन दिवस जाऊ दे, आणि मग एकूण वेळेप्रमाणे उतरता क्रम लाव. सरासरीप्रमाणे लावू नकोस, सरासरीत हळू दिसणारे रिपोर्टच वर येतात आणि खरा चोर खाली लपतो.

फोंडा_बॅकएंड

दोन दिवसांनी परत आलो. ताई, तुम्ही म्हणालात तेच. पहिला नंबर रिपोर्टचा नाहीच. स्टॉक बघायची छोटी क्वेरी आहे, आयटम टाइप केला की शिल्लक दाखवते, ३ मिलिसेकंदची, आणि ती दिवसाला २० लाख वेळा चालते. ६,००० सेकंद. १०० मिनिटं! स्टॉक टेबलात रो किती तर फक्त ४०,०००. प्रायमरी कीवरून एक रो आणायला ३ मिलिसेकंद का लागावेत?

फर्मागुडी_जुना

४०,००० रोचं टेबल, पण प्रत्येक बिलाला अपडेट होतं, बरोबर? पोस्टग्रेस अपडेट करतो म्हणजे जुनी रो तशीच ठेवून नवीन लिहितो, जुनी नंतर व्हॅक्यूम उचलतो. पीजी स्टॅट यूजर टेबल्समध्ये तीन आकडे बघ: मेलेल्या रो, एकूण अपडेट, आणि हॉट अपडेट. हॉट म्हणजे नवीन रो त्याच पानात मावली आणि इंडेक्सला हात लावावा लागला नाही. आणि तू टाकलेल्या सहा इंडेक्समध्ये स्टॉक टेबलवरचा एखादा आहे का ते सांग.

फोंडा_बॅकएंड

सर, आहे. शेवटच्या बदलाची वेळ ठेवतो त्या कॉलमवर टाकला होता, 'आज काय हललं' ती स्क्रीन फास्ट व्हावी म्हणून. मेलेल्या रो साडेतीन लाख, आणि हॉट अपडेट जवळजवळ शून्य.

फर्मागुडी_जुना

मग दोन्ही कारणं समोर आली. प्रत्येक अपडेटला ती वेळ बदलते, त्या कॉलमवर इंडेक्स आहे, त्यामुळे एकही अपडेट हॉट होऊ शकत नाही, दर वेळी त्या टेबलच्या सगळ्या इंडेक्सांत नवीन नोंद पडते. तो इंडेक्स काढ, ड्रॉप इंडेक्स कनकरंटली वापर म्हणजे काउंटर अडणार नाही. ती स्क्रीन ४०,००० रो सरळ वाचूनसुद्धा पटकन येईल. टेबलचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं तो आकडा) ८० वगैरे ठेवलास तर पानात नवीन रोला जागा पण राहील.

दुसरं, साडेतीन लाख मेलेल्या रो साचू कशा दिल्या? ऑटोव्हॅक्यूम मुळात टेबलच्या २० टक्के आणि वर ५० एवढ्या रो बदलल्या की जागा होतो, तुझ्याकडे ८,०५० च्या आसपास, म्हणजे तो येत असणार पण त्याला उचलता येत नसणार. कोणीतरी जुना स्नॅपशॉट धरून बसलंय, म्हणजे त्याला जुन्या क्षणाचा डेटा अजून दिसावा लागतो. तुमचा रिपोर्ट स्क्रीनवर पान पान करून येतो का? कर्सर, म्हणजे निकाल थोडा थोडा आणायची सोय, उघडा ठेवून?

फोंडा_बॅकएंड

हो!! कर्सरच आहे. मॅनेजर सकाळी रिपोर्ट उघडतात, पहिलं पान बघतात आणि स्क्रीन तशीच ठेवून जेवायला जातात. पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीत आत्ता बघितलं, एक ट्रान्झॅक्शन ४ तास ५० मिनिटं उघडा आहे, आयडल इन ट्रान्झॅक्शन, म्हणजे काही न करता नुसता उघडा. म्हणजे रिपोर्ट चालू असला की बिलिंग जड होतं असं लोक म्हणायचे ते खरंच होतं, आणि मी त्यांना दर वेळी सांगायचो की रिपोर्ट तर नुसतं वाचतो, त्याचा बिलिंगशी काय संबंध. दोन वर्षं मी हेच उत्तर देत होतो.

वेर्णा_डीबीए

त्यांचं निरीक्षण बरोबर होतं, तू त्यांना एकदा फोन करून सांग, बरं वाटेल त्यांना. कर्सर काढून पूर्ण निकाल एकदम आण. शिवाय आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट पाच मिनिटं लाव, मुळात तो शून्य म्हणजे बंद असतो. आणि हे झालं की स्टॉक टेबल एकदा व्हॅक्यूम करून त्याचे इंडेक्स रीइंडेक्स कनकरंटली कर, फुगलेले इंडेक्स आपोआप लहान होत नाहीत.

फोंडा_बॅकएंड

काल रात्री सगळं केलं. रिपोर्ट ६ सेकंद, स्टॉकची क्वेरी ०.३ मिलिसेकंद, हॉट अपडेट आज दुपारपर्यंत ९० टक्क्यांच्या वर. बाकीच्या पाच इंडेक्सपैकी तिघांचा स्कॅनचा आकडा शून्य आहे पण ते महिनाअखेरीपर्यंत ठेवतो, महिन्याचे रिपोर्ट कदाचित वापरत असतील.

कोर्सवाल्यांना सरांचे तीन प्रश्न विचारले. टेबलात रो किती याला उत्तर आलं की तो विषय पार्टिशनिंगच्या दिवशी येईल. त्यांना नको म्हटलं. एक दुसरे आहेत, तीनच दिवस, बारा जणांचीच बॅच, ते म्हणाले स्वतःचे प्लॅन आणल्याशिवाय येऊ नका, आणि लॉकिंग आणि व्हॅक्यूमला पूर्ण एक दिवस आहे. चतुर्थीनंतर त्यांच्याकडे जातो, बॉसला पटलंय. तोपर्यंत डिचोलीवाल्या दादांचं टीपीसी-एच घरच्या मशीनवर लोड करून ठेवतो.

त्या गोडाउनच्या मॅनेजरना फोन केला, ताई. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला दिला, ती म्हणाली आज बिल लगेच पडतंय, आयटमचं नाव पूर्ण टाइप व्हायच्या आधी शिल्लक दिसते. देव बरे करो तुम्हा सगळ्यांचं.